शेवंतीच्या उंचीचा ओटा

शेवंती मालवणच्या किनाऱ्यावरून मासळीची पाटी उचलून निघाली की वरच्या कातळमाळावरच्या, सड्यावरच्या घरांत पोचेपर्यंत बांगडे चकचकीत असायचे. पण छप्पन-सत्तावन सालापासून गाव सड्याच्या अंगाने असे पसरले की विचारू नका. मुंबईचा पैसा आला, जांभ्या चिऱ्याची घरे आली आणि घरांमागोमाग कुंपणाला चिऱ्याचे गडगे आले. जो तो आपल्या दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत गल्ली काढून मोकळा. शेजाऱ्याकडे जायला वाट ठेवावी, हे एकाही शहाण्याला सुचले नाही.

पूर्वी शेवंती परसांतून आडवी जाई. आता एक गल्ली उतरायची, रस्त्याला लागायचे, पुढची चढायची. डोक्यावर पाटी घेऊन गडगा कोण ओलांडणार? शेवटच्या घरी जाईतो ऊन डोक्यावर आणि मासळी मऊ.

ते शेवटचे घर सुभद्राकाकींचे. मुलगा मुंबईला, काकी एकट्या. सगळ्यात आडवा गडगा त्यांच्याच परसात, किनाऱ्याकडून थेट येणाऱ्या पायवाटेवर, मुलाने मे महिन्यात येऊन हौसेने घातलेला. शेवंतीने शेवटी मन घट्ट करून त्यांना सांगितले, सड्याचा फेरा उद्यापासून बंद. काकी बांगडे घेऊन आत गेल्या. इतक्या वर्षांचे गिऱ्हाईक, आणि साधा शब्द नाही, हे शेवंतीला फार लागले.

तिसऱ्या दिवशी हरिश्चंद्र गवंडी दोरी घेऊन तिच्या दारात उभा.

"पाटी घेवन उभी रव," तो म्हणाला. "ती खंयसर उतरता, ता बघूक इलंय."

त्याने जमिनीपासून तिच्या छातीपर्यंत दोरी धरली, गाठ मारली आणि गेला.

आठवड्याने काकींचा निरोप आला. शेवंती पाटी घेऊन गेली, तर गडगा दोन हात फोडलेला आणि बाजूला चिऱ्यांचा ओटा, नेमका तिच्या छातीइतका. एरवी पाटी उतरवायला दुसरे माणूस लागते. इथे तिला एकटीला उतरवता येत होती. किनाऱ्याकडून आता ते पहिलेच घर झाले होते. गडगा फोडायला काकींनी मुलाला विचारलेसुद्धा नव्हते.

उपकार फेडायचे कसे? शेवंतीने सगळ्यात मोठा सरंगा काढून पुढे केला. काकींनी तो परत पाटीत ठेवला.

"माशे नाय गावले तरी चलात गो," त्या म्हणाल्या. "दिसातून एकदा दारात माणूस येवक होया."

शेवंती तिथेच परसात बसली, पोटभर रडली, मग काकींच्या हातचा चहा प्याली. फोडलेल्या गडग्यातून शेजारची नर्मदाही आली. सड्यावरच्या बाकी घरांना त्या दिवशी मासळी उशिराच मिळाली.