अकोल्याच्या वाटेवर लोखंड शिजताना

अमरावती सोडली तेव्हा बैल मीच हाकते आहे, असा माझा थाट होता. अकोल्यात धाकट्या बहिणीचे, गोदाचे दिवस भरले होते, अंग सुजलं होतं, सुईण मान हलवत होती. आई नव्हती, म्हणून मी निघाले. वयानं कोवळी, अकलेनं त्याहून. "मामाजी, हाणा ना!" म्हणून सासऱ्यांना इतकं पिडलं, की मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी नाल्यात आदळली आणि चाकांमधला लोखंडी आस कडकन तुटला.

रस्ताभर कापसाच्या गाड्या. मी हात जोडले.

"तुले बसवू त कापूस का डोक्यावर घेऊ, बाई?" एक गाडीवान म्हणाला.

वस्तीतल्या लोहाराकडे लोखंड नव्हतं. सगळं कापूस दाबायच्या यंत्रांनी गिळलेलं. टेकडीखाली मात्र एक जोडपं तांबड्या दगडांतून लोखंड काढत होतं. मातीची उंच भट्टी, आत दगड न् कोळसा. बाई कातडी भात्यांवर पाय देऊन हवा फुंकत होती. तिच्या पायात गोळा आला, तशी मी पदर खोचून भात्यांवर चढले. लवकर व्हावं म्हणून अक्षरशः नाचले!

भट्टीच्या तोंडावरची निळी ज्योत पांढरी पडली.

"काहून उड्या मारून राहिली?" तिचा नवरा ओरडला. "हवा जास्त झाली त झालेलं लोखंडबी जळून जाते!"

"माही बहीण मरून राहिली, दादा!"

"मंग हळू दाब."

त्यानं तडे ओल्या मातीनं लिंपले, वरून कोळसा ओतला. माझे पाय पळायला शिवशिवत होते आणि मी हळू दाबत होते. ज्योत काही निळी होईना.

"नाच बाकी चांगला होता," बाई म्हणाली. मला हसू आलं नाही. मामाजींनी पुढे केलेली भाकर तशीच वाळली.

ऊन कललं तेव्हा ज्योत निळावली. भट्टी फोडून त्यानं लाल गोळा ओढून काढला. लोहारानं घणाखाली घालून आस सांधला.

अकोल्यात दारातूनच रडणं ऐकू आलं. मी उंबऱ्यावरच बसले. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "पोरगी हाय. भूक लागली तिले."

आत गोदा डोळे मिटून पडली होती. "आता आली का? सारं झाल्यावर?"

ती हिंडूफिरू लागल्यावर मी परतले. अमरावतीत बायका विचारत, तिथला कापसाचा बाजार केवढा, गोरे साहेब कसे? मला काय ठाऊक! माझं अकोला म्हणजे एक खोली, एक खाट आणि तिच्यावर श्वास घेणाऱ्या दोघी. पुढे पुष्कळ हिंडले. पण एवढं मोठं गाव दुसरं पाहिलं नाही.