कनूत मागे बसणारी

कनू म्हणजे निमुळती, हलकी होडी. तिच्यात पुढे बसणाऱ्याला मागचा माणूस दिसत नाही. चार उन्हाळे मी पुढे बसले आणि माझी नागपूरची मैत्रीण मागे. दिशा सांभाळायचं काम मागच्याचं. पुढच्याने नुसतं वल्हवायचं. मी वल्हवायचे आणि बोलायचे. खाणी, जंगलं, कुठला मंत्री कोणाच्या खिशात. ती मागून म्हणायची, "भाषण थांबव ना, दगड येऊन राहिला समोर."

दुसऱ्या कनूत मिल्टन गावात राहणारे, आमच्या ओळखीचे दादा आणि वहिनी असायचे. दादा दर वर्षी तेच सांगायचे, "अस्वलाला हिंगाचा वास सोसत नाही. निर्धास्त झोपा." तरी खाण्याचं पिंप झाडाला उंच टांगायला सर्वांत आधी तेच धावायचे. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना कनू खांद्यावर उलटी घेऊन जंगलातून चालावं लागतं. मैत्रीण माझ्याहून बारीक, पण कनू एकटी उचलायची. मदतीला गेलं की म्हणायची, "तू फक्त डास मार."

मी दहाव्या वर्षी आईबाबांबरोबर देश सोडून इकडे मिसिसागाला आले आणि शाळेत असतानाच सिटिझन झाले. ती इथल्याच लंडन नावाच्या गावी मास्टर्स करून एका इंजिनिअरिंग फर्ममध्ये लागली होती. वर्क परमिटवर, आणि ते परमिट त्या एकाच फर्मशी बांधलेलं. हे मला माहीत होतं. स्पष्ट लिहिते, कारण नंतर बरेच दिवस मी 'मला कल्पना नव्हती' असं सांगत फिरले.

तिसऱ्या उन्हाळ्यात कळलं की आमच्या तळ्याच्या मागून खाणीसाठी रस्ता काढणार आहेत. त्या संध्याकाळी वहिनींनी थालीपीठं लावली होती आणि मी तावातावाने बोलत होते. ती बोटं चाटत म्हणाली, "मी आहे तुझ्यासोबत. कर तू काय करायचं ते."

हिवाळ्यात, रस्त्याला विरोध करणाऱ्या आमच्या संघटनेचं पत्रक मी लिहिलं. मला शिकवलेलं होतं, नुसतं नाव छापू नका, नावापुढे हुद्दा टाका, कंपनी टाका, म्हणजे वजन पडतं. मागच्या बाजूला 'आम्ही इथे राहून आलो आहोत' म्हणून आम्हा चौघांची नावं टाकली, हुद्दा आणि कंपनीसकट. दादा-वहिनींना फोन करून विचारलं. तिला विचारलं नाही. आपल्याच माणसाला काय विचारायचं, असं मनातसुद्धा आलं नाही, इतकं ते गृहीत होतं.

तिची फर्म त्याच रस्त्याचे नकाशे करत होती. ते काम वरच्या मजल्यावर चालायचं. तिला पत्ता नव्हता. मॅनेजरने पत्रक टेबलावर ठेवलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं, हे तुम्हीच ना? ती हो म्हणाली. मैत्रिणीने न विचारता छापलं, एवढं एक वाक्य तिला वाचवू शकलं असतं. ते ती बोलली नाही. दोन आठवड्यांनी तिची जागाच रद्द झाली. पीआरला, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याला, अप्लाय करायला चार महिन्यांचा अनुभव कमी पडत होता.

मी फोनवर पेटले. "सरळ सूडबुद्धी आहे ही. आपण यावर पत्रक काढू."

ती म्हणाली, "अजून एक?"

चौथ्या उन्हाळ्यात ती आली, नागपूरला परत जाण्याआधीची शेवटची सहल म्हणून. सप्टेंबरचं तिकीट काढलेलं होतं. पाण्यावर गेल्यावर माफी मागायची असं मी ठरवून आले होते. प्रत्यक्षात वकिलाचं बोलत राहिले, कामगार कायद्याचं, त्या मॅनेजरचं. वल्हं पाण्यात पडत होतं.

"तू लिहिलं त्यात खोटं काहीच नव्हतं गं," ती शेवटी म्हणाली. "रस्ता नकोच व्हायला. पण विचारायचं तर होतं. आईला काय सांगू मी?"

"सांग, कंपनी हरामखोर निघाली."

"ते सांगीनच. तुझं काय सांगू?"

मी वल्हवत राहिले. मागे वळून बघणं कनूत धोक्याचं असतं, हे कारण तेव्हा मला पुरलं.

किनाऱ्याला लागल्यावर, सवयीने, मी गाडीतून रस्त्याविरुद्धच्या निवेदनाचे सह्यांचे कागद काढले. पार्किंगमधल्या लोकांना गाठायचं होतं. हो, त्याही दिवशी. ती आली आणि माझ्या हातातलं पेन घेतलं. "दे. आता कोण काय बिघडवणार आहे माझं?" तिने नाव लिहिलं, आणि पत्त्याच्या रकान्यात नागपूरचा पत्ता, पिनकोडसकट. इथलं घर तिने सोडलं होतं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

निवेदन प्रांताच्या विधानसभेला जाणार होतं. त्यावर प्रांतात राहणाऱ्यांच्याच सह्या चालतात. बाहेरचा पत्ता दिसला की ती ओळ खोडायची, हे संघटनेतल्या नव्या पोरांना मीच शिकवायचे. तिला मी सांगितलं नाही. "अक्षर काय छान आहे तुझं," असं काहीतरी म्हणाले.

ती गेल्यावर महिन्याभराने बेसमेंटमध्ये बसून मी सगळे कागद तपासले. ते पान आलं. पट्टी ठेवली आणि तिची ओळ खोडली. या वेळीही तिला विचारलं नाही.