नळावर सुरू झालेला तास

गारखेड्याच्या आमच्या शाळेत दुपारची खिचडी संपली, ताटल्या खणखणू लागल्या, की आजही मला शाइस्ता आठवते. मन भरून येते, आणि त्या पोरीसाठी आपोआप हात जोडले जातात.

ती अध्यापक विद्यालयातून माझ्या तिसरीच्या वर्गावर सरावासाठी आली होती. आवाज मऊ, अक्षर मोत्यासारखे, आणि लेकरांवर माया अशी, की भगवंताने सवड काढून घडवलेली. शिकवू लागली की वर्ग तल्लीन होई. पण एक तास संपून दुसरा सुरू होण्याच्या मधल्या वेळात सारे विस्कटून जाई. खिचडीनंतर तर फारच. सगळी मुले हात धुऊन येईपर्यंत ती फळ्यापाशी थांबून राही. आधी आलेली मुले तोवर दप्तरे फेकत, खिडक्यांवर चढत. टाळ्या झाल्या, शिट्टी झाली, विनवण्या झाल्या. कशाचा उपयोग होईना.

परीक्षेचा पहिला पाठ याच गोंधळात बुडाला. विद्यालयाचे अनंतराव सर म्हणाले, "पुढच्या गुरुवारी पुन्हा पाहतो. याच वेळेला. ही शेवटची संधी."

त्या दुपारी ती माझ्याजवळ बसून रडली. "मॅडम, माझ्यानं नाही होणार. मी आपली अब्बांच्या दुकानात बसते. कपडा मोजणं तरी जमतं मला."

"गुरुवारपर्यंत तरी थांब, बेटा," एवढेच मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नळावर फरदीन आणि मंदार भिडले.

"बाई, ह्यानं माझ्या ताटलीत चूळ भरली!"

"झूट बोलतो बाई! हाच मधी घुसायला!"

शाइस्ता दोघांच्या मध्ये उकिडवी बसली, मंदारची ताटली स्वतःच विसळू लागली आणि हळूच म्हणाली, "एका आजीकडं खरबूज होतं एकच, अन् नातवंडं होती चार."

भांडण जागीच थांबले. "मग? कुणाला दिलं?"

ती सांगत सांगत वर्गाकडे निघाली. दोघे मागे, दोघांच्या मागे सहा. जो येई तो कानोसा घेत येई, मुकाट्याने बसे. शेवटचे लेकरू आत आले तेव्हा फळ्यावर खरबुजाचे चार भाग झाले होते, आणि 'पाव' सगळ्यांना समजला होता!

माझ्या अंगावर काटा आला. कीर्तनकार कधी मंडप भरायची वाट पाहतो का? समोर चार माणसे असली तरी तो नामगजर सुरू करतो, आणि तो गजर ऐकूनच मंडप भरतो. कोणी न सांगता हे त्या लेकीला त्या नळावर गवसले होते.

गुरुवार उजाडला. अनंतराव सरांना क्रांती चौकातल्या वाहतुकीने अडवले. ते दारात आले तेव्हा वर्ग भरलेला होता, शांत होता. दोन उंदरांत वाद पेटला होता, शेपटी कुणाची लांब? फळ्यावर दोन शेपट्या, शाइस्ताच्या हातात पट्टी.

सर खाकरले. दाराशी बसलेल्या स्वरालीने ओठांवर बोट ठेवले. "सर, खाली बसा ना. शेपटी मोजायलेत."

आणि कडक इस्त्रीतले अनंतराव सर निमूटपणे सतरंजीवर बसले. मुले खुदकन हसली. शाइस्ताही हसली, आणि पुढचा पाठ पाण्यासारखा वाहिला.

तास संपल्यावर सरांनी शाइस्ताला विचारले, "बाई, पाठ छान. पण प्रस्तावना हुकली माझी. ती कधी घेतलीत?"

"नळावर, सर."

सर मोकळे हसले. "पास आहात. पण पुढच्या वेळी मला आधी सांगा, मीही ताटली घेऊन येतो!"

आज शाइस्ता बजाजनगरच्या एका शाळेत शिकवते. तिथली मुले म्हणे हात धुवायला धावत जातात.