मेलेल्या सर्व्हरचा ताबा

बाळांनो, तुमच्या आजीने नाशिकच्या एका रक्तपेढीत संगणक सांभाळले, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या खोलीची मला एकदा भीती वाटली होती, हे मात्र कुणाला सांगितलेले नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. खोलीत दोन सर्व्हर, म्हणजे मोठे संगणक होते आणि दोघांत मिळून माहिती साठवणाऱ्या डिस्कचे एकच कपाट. एक बंद पडला तर दुसऱ्याने डिस्क ताब्यात घ्यायच्या, अशी व्यवस्था. तिच्या भरवशावर मी दात्यांच्या जुन्या वह्या रद्दीत घातल्या होत्या.

दसऱ्याला सकाळी पहिल्या सर्व्हरची पूजा केली आणि झेंडूचा जाड हार त्याच्या पुढच्या जाळीवर बांधला. हवा तिथूनच आत जाते, हे माहीत असून. दुपारी तो तापून बंद पडला. तेवढ्यात रुग्णालयातून फोन आला. एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता, रक्तगट अगदी दुर्मीळ. पेढीत ते रक्त नव्हते. त्या गटाच्या दात्यांची यादी डिस्कवर.

दुसरा सर्व्हर चालू होता, पण डिस्क उघडेनात. पडद्यावर एकच उत्तर: ताबा पहिल्याकडे.

हे सर्व्हर बसवणाऱ्या पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला.

"आधी पहिल्याच्या विजेच्या वायरी उपसा, मॅडम. अर्धवट जिवंत असला आणि दोघं एकदम लिहायला लागले, तर यादीचा भुगा होईल."

दोन्ही वायरी उपसल्या. उरलासुरला आवाजही थांबला. दुसऱ्या सर्व्हरला पुन्हा विचारले. ताबा पहिल्याकडेच.

"मेलाय ना हा?" मागे उभ्या आमच्या टेक्निशियन बाई कुजबुजल्या. "मग सोडत का नाही?"

"त्याला अजून कुणी कळवलं नसेल," मी म्हटले. हसलो दोघीही नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर अंग कोमट होते.

"ताब्याची नोंद कपाटातच असते," इंजिनिअर म्हणाला. "सर्व्हर गेला तरी राहते. ती पुसा."

त्याने सांगितलेली ओळ मी अक्षर अक्षर तपासत टाइप केली. यादी उघडली.

पहिला नंबर नांदगावचा. "ते श्रावणातच गेले हो," पलीकडून बाईंचा आवाज आला. "कोण बोलतंय?" माफी मागून मी फोन ठेवला. दुसरा नंबर घोटीचा.

"आत्ता? आज दसरा हाय, बाई!" माणूस ओरडला. मग आवाज खाली आणून, "निघालोच."

तासाभरात तो आला. तपासण्या होऊन रक्त दिवेलागणीला रुग्णालयात गेले. सकाळी रुग्णालयातून फोन आला: "शुद्धीवर आल्यात. चहा मागतायत." तोवर मी खुर्चीला पाठ टेकली नव्हती.