डांबरावरचा ताणा

सकाळी उमरेड रस्त्यावर नवं डांबर पडलं आणि त्या वासानं मला इंग्रजांच्या काळातल्या एका दुपारी नेऊन सोडलं.

आम्ही कोष्टी. मागावर चढवण्याआधी सुताचा ताणा याच रस्त्याकडेला, चिंचांच्या सावलीत, बांबूंवर लांबच लांब पसरायचा आणि त्याला खळ लावायची. त्या वर्षी चिंचेची झाडं तोडून रस्त्यावर पहिल्यांदाच डांबर टाकलं. मी आठ वर्षांची. मीच म्हणाले, "बाबा, इथं धूळच नाही. रस्त्यावरच पसरू ना." बाबांनी माझं ऐकलं.

दुपारी डांबर पाघळलं. खळीनं जड झालेलं ओलं सूत मधोमध खाली टेकलं आणि चिकटलं. ताईच्या लग्नाच्या लुगड्याचं सूत होतं ते. सोडवायला जावं तसं तुटत होतं.

"रडू नको वं," बाबा म्हणाले, "तुले कोणी काही म्हणून राहिलं का? रस्ताच आता आपला नाही राहिला."

पुढं ते गिरणीत लागले. ताणा पुन्हा कधी पसरला नाही.

अजूनही हा रस्ता ओलांडताना मी लुगड्याचा काठ वर उचलून धरते. नातसून म्हणते, "आजी, चिखल तर नाही, मग काहून उचलता?"