लोणारच्या एकनाथचं दुसरं विवर

एकनाथचे बूट मी दाराबाहेरच विसरलो. आदल्या रात्री तो आणि इशिता बीव्हर्टनला माझ्याकडेच झोपले होते, आणि पादत्राणं बाहेर काढायची आपली शिस्त अमेरिकेतही सुटत नाही. पहाटे तिघं स्लिपरा घालून गाडीत बसलो. बूट डिकीत टाकायचं काम माझं. मी माझे टाकले, इशिताचे टाकले. तिसऱ्या जोडाचा पत्ता नाही, हे थेट सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या पायथ्याशी कळलं.

"वा, मेहकरकर!" एकनाथ डिकीत डोकावून म्हणाला. "स्वतःचे बरे आठवले."

मी मेहकरचा, तो शेजारच्या लोणारचा. उल्का पडून झालेल्या त्या विवराच्या काठावर त्याच्या वडिलांचं रसाचं गुऱ्हाळ. इथे तो सॉफ्टवेअर तपासायचा, आणि कुणाकडेही जेवायला गेला की भाताच्या मुदीला खड्डा करून वरण ओतायचा. "हा ज्वालामुखी. हा आतून फुटतो. आमचं विवर वरून पडलेलं. मला दोन्ही बघायचीत यार." पण त्याच्या सगळ्या सुट्ट्या दुसऱ्यांची घरं हलवण्यात गेल्या. माझा सोफा तर त्याने दोनदा उचललाय. आता व्हिसा संपला होता. मंगळवारी तो कायमचा परत जाणार होता, आणि डोंगराचा परवाना त्या एकाच दिवसाचा होता.

आम्हा दोघांच्या पायाचं माप एकच. बूट एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेले. हे तिघांनाही ठाऊक होतं. मी लेस बांधायला वाकलो आणि वर बघायला जरा उशीरच केला.

शेवटी तोच म्हणाला, "असं कर लेका. जंगल संपेपर्यंत तू जाऊन ये, हौस भागव. मग बूट मला दे. इशिता तिथेच थांबेल, तिच्यासोबत मी वर जातो. उन्हाळा आहे, उजेड भरपूर."

जंगल संपलं. पुढे काळे धोंडे, आणि वाट दाखवायला रोवलेले लाकडी खांब.

"ओके, आता तू खाली," इशिता म्हणाली. ती अमेरिकेतच, एडिसनला वाढलेली, तिचं मराठी थोडं पण थेट.

"त्या खांबापर्यंत जाऊन येतो."

"एकनाथ इज वेटिंग."

"एकच खांब गं."

खांबापाशी पोचलो की पुढचा दिसायचा. थोड्या वेळाने ती मागून आली आणि मला ओलांडून पुढे निघून गेली. शेवटी खांबही संपले, नुसती राख उरली; पाऊल टाकलं की निम्मं मागे घसरायचं. तिथून परत फिरलो असतो तरी आता उशीर झाला होता, असं मी स्वतःला समजावलं. फार लवकर समजलं मला.

काठावरून खाली विवर दिसलं. इशिताने माझा फोटो काढला. मी हसलोय त्यात.

संध्याकाळी उतरलो तेव्हा एकनाथने गॅसच्या छोट्या शेगडीवर चहा ठेवला होता. माझ्या राखेने भरलेल्या बुटांकडे त्याने एकदा पाहिलं.

"जंगल बरंच मोठं निघालं म्हणायचं," तो म्हणाला, आणि पहिला कप मला दिला.

मी फोन काढला तर त्याने हात आडवा केला. "फोटो नको. तू सांग. आमच्यासारखं दिसतं का?"

"घरी गेल्यावर निवांत सांगतो."

गाडीत मी झोपल्याचं सोंग घेतलं. मंगळवारी विमानतळावर सामानाची घाई होती. त्या घाईचा मला फार आधार वाटला.

परवा त्याचा लोणारहून फोन आला. मागे पाखरांचा कलकलाट. "काठावर बसलोय बघ. आता सांग, मी इकडे बघत ऐकतो."

"मीटिंग आहे रे," मी म्हटलं. "नंतर करतो."

"बरं," तो म्हणाला.

रविवार होता.