सगळ्यांची भाजी एका गंजात

माझ्या व्याह्यांएवढा हट्टी आणि आडमुठा गृहस्थ या नागपूर शहरात दुसरा झाला नाही, आणि हल्ली जे लोक त्यांना संत ठरवू पाहतात त्यांनी त्यांच्यासोबत एक रविवारही काढलेला नाही, हे मी जबाबदारीने सांगतो. मी कैक वर्षांचे रविवार काढले आहेत. त्यांची मुलगी माझी सून. म्हणजे मी वरपक्ष, मान माझा, आणि त्यांनी माझ्यापुढे थोडे नमून असावे अशी त्या काळची रीत. ही रीत त्यांना ठाऊक नव्हती असे काहीजण सांगतात. चांगली ठाऊक होती. ती त्यांनी कुठे मोडली, एवढेच मला सांगायचे आहे.

आयुष्यभर ते जंगल खात्याच्या लाकूड डेपोवर होते. ओंडका भरीव आहे की आतून पोकळ, हे बोटांच्या पेरांनी ठोकून ओळखण्याचा तिथला सराव त्यांनी निवृत्तीनंतरही सोडला नाही. टरबूज, भिंत, दवाखान्यातले टेबल, नातवाची पाठ, जे हाताशी येईल ते ते ठोकून पाहत आणि मान हलवीत. लग्न ठरण्यापूर्वी आमचे घर पाहायला आले, तेव्हा मी मुख्याध्यापक आहे, मुलगा पदवीधर आहे, यांपैकी कशाचीही त्यांनी चौकशी केली नाही. दाराची चौकट ठोकली आणि सोबतच्या भावाला म्हणाले, ‘‘सागवान हाये. पोरगी द्याले हरकत नाही.’’ मी तेव्हा मनमोकळे हसलो असे माझी पत्नी सर्वांना सांगत असे. मी हसलो नव्हतो. मला राग आला होता.

सत्तरच्या दशकात त्यांनी सुरू केलेल्या जेवणाच्या कामाविषयीही अशीच भाकडकथा प्रचलित आहे. म्हणे त्यांना दृष्टांत झाला. दृष्टांत नव्हे, हर्निया झाला होता. सरकारी इस्पितळात खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी पाहिले की रोग्याला आतून जेवण मिळते, पण पारशिवनी-काटोलकडून त्याच्यासोबत आलेली बायको किंवा म्हातारा बाप फुटाण्यांवर दिवस काढतो. टाके निघाल्यानंतरच्या रविवारी ते घरच्या पोळ्या घेऊन इस्पितळाच्या कुंपणापाशी चिंचेखाली जाऊन बसले. पाहता पाहता दहा-बारा घरे त्यांच्यामागे आली. आमचे घर पहिले, हे नमूद करणे आवश्यक आहे.

त्यांचा नियम एकच होता: डब्यासोबत घर आले पाहिजे. आजी, सून, पोरे, सगळ्यांनी यायचे, पुरुषांनीही वाढायचे, भांडी घासायची आणि शेवटच्या पंगतीला सर्वांनी तिथेच जेवायचे. इतवारीतल्या एका कापडवाल्याने एकदा नोकराच्या डोक्यावर लाडवांची टोपली पाठवली. व्याह्यांनी ती तडकाफडकी परत पाठवून शेठची खरडपट्टी काढली, ही कथा साफ खोटी आहे. ते त्या नोकरासोबत भर उन्हात इतवारीपर्यंत पायी गेले, शेठच्या ओट्यावर टोपली ठेवली आणि काळजीच्या सुरात विचारले, घरात कोणी आजारी आहे काय, सगळे काहून नाही आले? पुढच्या रविवारी शेठ बायको, चार पोरे आणि सायकलरिक्षातून म्हातारी आई, असा लवाजमा घेऊन हजर झाला. म्हातारीला व्याह्यांनी पत्रावळी मांडायचे काम दिले, आणि तिने ते मरेपर्यंत कोणाला करू दिले नाही.

आता त्या रविवाराकडे येतो, ज्याच्याविषयी व्याह्यांच्या शोकसभेत चौघांनी चार तऱ्हेने सांगितले आणि चौघेही चुकले.

इंदोरा वस्तीतले एक कुटुंब त्या दिवशी प्रथमच आले. नवरा गिरणीत कामाला, छप्पन साली दीक्षा घेतलेले घर. बायकोच्या कडेवर पोर आणि हातात वांग्याच्या भाजीचा भला मोठा डबा. आमची पद्धत अशी होती की वरण एका ठिकाणी शिजे, पण भाजी प्रत्येक घर आपापल्या डब्यातून वाढी. तो डबा पाहून दोन-तीन घरांत कुजबूज झाली. मग एक सभ्य सूचना पुढे आली, की नव्या मंडळींनी गूळ, केळी असे काही कोरडे आणावे, शिजवलेले बाकीची घरे आणतीलच. ही सूचना कोणाची होती हे सांगण्याचे आजवर सर्वांनी सौजन्याने टाळले आहे. ती माझी होती.

नवऱ्याला सगळे समजले. तो बायकोला हळूच म्हणाला, ‘‘चाल वं, डबा घे. घरी जाऊ.’’

‘‘काहून घेऊ?’’ ती म्हणाली. ‘‘पहाटे उठून केली मी. वांगे हायेत जी याच्यात. वांग्यांले कोणाचं घर समजते?’’

यानंतर व्याह्यांनी समतेवर भाषण केले, असे सांगतात. त्या माणसाला सलग चार वाक्ये बोलता येत नसत. त्यांनी वरणाचा रिकामा झालेला पितळी गंज ओढत मधोमध आणला आणि आपल्या लेकीला, म्हणजे माझ्या सुनेला, म्हणाले, ‘‘बाई, तुमच्या घरची भाजी टाक याच्यात. मग या ताईची. मग सगळ्यांची.’’

सून डबा धरून माझ्याकडे पाहत राहिली. तिच्याबरोबर सगळे माझ्याकडे पाहत होते. वरपक्षाचा मान दुखावला म्हणून सुनांना माहेरी बसवल्याची उदाहरणे त्या काळी गल्लोगल्ली होती, आणि ती व्याह्यांना माझ्याइतकीच माहीत होती. ते माझ्याजवळ आले.

‘‘व्याहीबुवा,’’ ते हळू आवाजात म्हणाले, ‘‘पोरगी तुमच्या घरची हाये. तिच्यावर राग धरू नका. माझ्यावर धरा.’’

सुनेने विचारले, ‘‘मामाजी, टाकू?’’

मी ‘टाक बाळ’ म्हणालो, हे अर्ध्या शहराला ठाऊक आहे. मी काहीही म्हणालो नाही. पाठ फिरवून कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. मागे गंजात आधी आमचे बटाटे पडले, मग वांगी, मग भोपळा, कोबी, कोणाकोणाचे काय काय. दिसायला ते अन्न भयंकर होते. पंगतीतल्या एका म्हाताऱ्याने या भाजीचे नाव विचारले, तेव्हा व्याही म्हणाले, ‘‘नागपुरी.’’ त्याने पुन्हा मागून घेतली. मी न जेवता पायी घरी आलो.

चार दिवस मी सुनेशी बोललो नाही. माझा हा क्षुद्रपणा कोणत्याही कथेत येत नाही, म्हणून तोही लिहून ठेवतो. पाचव्या दिवशी तिने चहा आणून ठेवला आणि दाराशी थांबून विचारले, ‘‘मामाजी, रविवारी फुलकोबी न्यायची का?’’

पदराचे टोक तिने मुठीत घट्ट धरले होते. मी वर्तमानपत्र खाली केले. ‘‘फुलकोबी गंजात मोडते,’’ मी म्हणालो. ‘‘भोपळा ने.’’

त्या रविवारी मी शेवटच्या पंगतीला बसलो. इंदोऱ्याच्या बाई वाढीत होत्या. सगळ्यांना एक पळी, तशी मलाही एक पळी. व्याही माझ्या शेजारच्या पत्रावळीवर बसून जेवले.

पुढे कितीतरी वर्षे आम्ही दोघे भांडलो: तांदळावरून, मुहूर्तावरून, नातवाच्या नावावरून. पण त्या दिवसाचा विषय मी काढू लागलो की ते उठून चिंचेच्या मुळाशी पाणी घालू लागत, नाहीतर कोणाच्या तरी म्हाताऱ्याला औषध मिळाले का ते पाहायला आत जात. मनात वाक्ये जुळवून मी त्यांच्या घरीही गेलो होतो. त्यांनी मला संत्री खाऊ घालून परत पाठवले. शोकसभेत मी उभा राहून भाषणाची ती कथा खोडून काढली, तेव्हा तिथे बसलेल्या एकालाही ते आवडले नाही. पण मी जे बोलायला गेलो होतो ते सभेत बोलण्याजोगे नव्हते.

व्याहीबुवा, तुमच्यावर मला राग धरता आला नाही. आणि पोरीवर तर तो नव्हताच.